आळेफाट्यावर थांबलेली मेंढरं

पिंपळवंडी,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप भैरवनाथदादा यांस,

धाकट्या गोरक्षचा दंडवत. (तू माझ्याहून फक्त एका पावसाळ्यानं मोठा, शाळेत आपण एकाच बाकावर बसून एकाच वहीतून नक्कल केली, त्यामुळे तीर्थस्वरूप लिहिताना हात अडखळतो. पण आई समोर लसूण सोलत बसली आहे आणि मावसभाऊ असला तरी थोरल्याला असंच लिहितात, असं तिचं म्हणणं आहे.) पुण्यात तुझी पाठ आता कशी आहे? खुर्चीत बसून माणसाची पाठ धरते हे आईला अजून पटलेलं नाही. तिच्या मते पाठ चालून धरते आणि बसून सुटते, म्हणजे तू काहीतरी उलटं बसत असणार. इकडं सगळे खुशाल आहोत. हिराची शिवणाची मशीन दुरुस्त झाली, माझ्या दुकानाचं शटर नाही झालं. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाचं शटर चार महिने अर्ध्यावर अडकलेलं असावं हे शोभत नाही, असं हिरा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाकून आत आल्यावर सांगते.

आता मुद्द्याचं. तुझा निरोप मिळाला. फोनवर उत्तर देत नाही, कारण फोनवर तू मध्येच 'थांब, मीटिंग आली' म्हणतोस आणि ती मीटिंग बरोबर माझ्या बोलण्याचा जोर आला की येते. कागदाला मीटिंग येत नाही. तू म्हणतोस, आपला मेंढरांचा खेळ आता हातात धरून खेळायच्या जुन्या पीएसपी यंत्रावरून उचलून त्याच्या पाठच्या भावावर, व्हिटावर, न्यायचा. घरच्या घरी हौसेनं खेळ बनवणाऱ्यांची कसलीशी इंटरनेटवरची स्पर्धा आहे, तिथं तो धाडायचा. आणि दिवाळीपर्यंत मी 'हो' म्हणालो नाही तर तू ऑफिसातल्या कोणाला तरी सोबत घेऊन तो नव्यानं करणार. हे शेवटचं वाक्य मी दोनदा ऐकलं. म्हणजे प्रश्न यंत्राचा नाहीच, आपली जोडी राहते की फुटते याचा आहे. तसं असेल तर मलाही थोडं बोलू दे.

पहिली गोष्ट, तू ज्याला नवं म्हणतोस तेही बंद होऊन जमाना झाला. दोन म्हाताऱ्यांपैकी धाकटा कोण, यावर आपण भांडतोय. (लोक आता सगळे खेळ फोनवरच खेळतात, हे मला दुकानदार म्हणून माहीत आहे. ते वाक्य तू मला ऐकवू नकोस.)

दुसरी गोष्ट, जुन्याचे उपकार आठव. तुझ्या काकांनी दुबईहून तो आणला तेव्हा आपण दहावी झालो होतो. पहिले आठ दिवस तू तो मला फक्त दाखवलास, हातात दिला नाहीस. मग त्याचं कुलूप कसं काढायचं, म्हणजे कंपनीला न विचारता त्यात आपलं स्वतःचं काही कसं चालवायचं, हे शिकायला आपण नारायणगावच्या सायबर कॅफेत जायचो. कॅफेवाल्याला वाटायचं आपण रिझल्ट बघतोय. वीज गेली की तो म्हणायचा, 'पोरांनो, नशिबात असंल ते गावल, पण उद्या या.' त्या पडद्यावर आपलं पहिलं मेंढरू उभं राहिलं ना नाथा, एवढंसं, आठ ठिपके रुंद, पाय दोनच (चार पायांना जागा नव्हती), तेव्हा मला जो आनंद झाला तो नंतर लग्नातसुद्धा झाला नाही. हिरा हे पत्र वाचणार नाही असं धरून चाललो आहे.

खेळ तरी काय होता. मेंढरं घेऊन निघायचं, पिंपळवंडीतून आळेफाटा ओलांडायचा आणि माळशेजच्या घाटातून खाली कोकणात उतरायचं, बस. जसे आमचे आबा दरवर्षी मेंढरं घेऊन जायचे तसंच. फाट्यावर चारी बाजूंनी ट्रक. त्या ट्रकांनी कसं वागावं हे ठरवायला आपण फाट्यावरच्या हॉटेलात बसून आख्खी दुपार निरीक्षण केलं होतं, आठवतं? नाशिककडचा थांबतो का, नगरकडचा थांबतो का. निष्कर्ष असा निघाला होता की कोणीच कोणासाठी थांबत नाही, फक्त मेंढरांसाठी सगळे थांबतात. हॉर्न वाजवतात, शिव्या देतात, पण थांबतात. आपण खेळात तसंच लिहिलं. म्हणून आपल्या खेळात कधीच कोणी मरत नाही. आपण तो इंटरनेटवर टाकला तेव्हा परदेशातल्या एकानं तक्रार केली होती की हा खेळ हरता येत नाही.

आणि ती दुसरी तक्रार. कोपऱ्यात आकडा का दिसत नाही? आपण आकडा घातला होता, कुठल्याही खेळात असतो तसा, किती मेंढरं पोचली किती राहिली. आबांनी तो बघितला आणि पीएसपी पालथा ठेवला. 'मेंढरं मोजायची न्हाईत. नजर लागती,' एवढंच म्हणाले. आपण त्यांना खूप समजावलं की ही खोटी मेंढरं आहेत. ते म्हणाले, 'नजर खरी असती ना?' त्याच संध्याकाळी आपण आकडा काढला. मग टप्पा संपला हे कळायचं कसं? आबा म्हणाले, तोंडं बघून. म्हणून आपण बसून एकेका मेंढराला वेगळं तोंड दिलं: बुचडी, बांडी, काळतोंडी, आणि ती एक सदा मागं राहणारी, जिला आई 'बाजीरावीण' म्हणायची. सगळी ओळखीची तोंडं पलीकडं दिसली की खेळणाऱ्यानं आपणहून बटण दाबायचं. तू त्या परदेशी माणसाला इंग्रजीत चार संध्याकाळी ही पद्धत समजावून सांगितलीस. त्यानं कळवलं की त्यांच्याकडं झोप येत नसली की माणसं मनातल्या मनात मेंढरं मोजतात. ते ऐकून आबांची झोप उडाली होती.

आबा गेले, खरी मेंढरं विकली, तू पुण्याला गेलास. हा भाग मी लांबवत नाही. पण तेव्हापासून आई रोज जेवणं उरकली की दुकानात येते, शटरखालून वाकून, आणि जुना पीएसपी मागून घेते. रोज फाटा ओलांडते. खेळ मध्येच साठवून ठेवायची सोय आपण केली नाही (ती तू करणार होतास, मी फक्त नोंद करतो), त्यामुळे वीज गेली की मेंढरं पुन्हा पिंपळवंडीत. यावर तिचा कधी त्रागा नाही. 'आज चारा न्हाई घावला, उद्या जाऊ,' म्हणते. मेंढरं हाकायच्या बटणावरचं चित्र तिच्या अंगठ्यानं पार पुसून गेलंय.

आता तू पाठवलेल्या नमुन्याचं ऐक. तुला वाटेल मी बघितलाच नाही. बघितला. राजुरीचा मोहित त्याचा व्हिटा दुरुस्तीला ठेवून गेला होता, त्याची अंगठ्यानं हलवायची दांडी सोडली तरी आपोआप डावीकडं जात होती. त्याला विचारून मी तुझा नमुना त्यात घातला आणि आधी आपला जुना खेळसुद्धा, जसाच्या तसा, उचलून चालवून बघितला. नवं यंत्र जोरदार. आपण तो खेळ जुन्याच्या चालीनं लिहिलेला, त्यामुळे नव्यावर मेंढरं अशी सुटली की फाटा, ओतूर, घाट सगळं एका दमात आणि थेट कोकणात. आई म्हणाली, 'ही चरायला न्हाई, पळून चाललीत. ह्यास्नी कोणी लांडगा दावला?' मग तुझा नमुना लावला. चित्र सुरेख आहे, खोटं का बोलू. पडदा मोठा, रंग असे की शेजारच्या सोपानभाऊंच्या कांद्याच्या पातीवर दहिवर दिसतं. पण यंत्राच्या पाठीला बोट लागलं की कुत्रं भुंकतं ही काय सोय केलीस? आईनं ते नेहमीसारखं दोन्ही हातांत धरलं, पाठीमागं आठ बोटं, आणि आठ कुत्री एकदम भुंकावीत तसा गोंधळ. मेंढरं चौफेर. ती बिचारी बोटं वर करून, तबक धरावं तसं ते तळव्यांवर धरून खेळली.

तेही चाललं असतं. पण तुझी मेंढरं सगळी एकसारखी. कुठून तरी तयार आणलेली, गुबगुबीत, परदेशी. आई बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, 'ह्यात आपली कोंची?' आणि मग तिला कोपऱ्यात तो आकडा दिसला. नाथा, तू आकडा घातलास. तिनं डाव्या हाताचा तळवा पडद्याच्या त्या कोपऱ्यावर ठेवला आणि उरलेला खेळ एका हातानं खेळली. मला तुझा राग आला, आणि खरं सांगतो, रडूही आलं. खेळ संपल्यावर तिनं घरातून चुलीची काजळी बोटावर आणून त्या कोपऱ्याला गालबोट लावलं. यंत्र गिऱ्हाइकाचं आहे हे मला उशिरा आठवलं. काजळी पडद्यावर चिकटवलेल्या पारदर्शक कागदाखाली गेली ती निघेना. मोहित आला तेव्हा म्हणाला, 'राव, दांडी सरळ झाली, पण ह्ये काळं काय?' मी सांगितलं, यापुढं त्याला काही होणार नाही. तो दोन मिनिटं विचार करून घेऊन गेला. परवा त्याचा भाऊ फोन घेऊन आला, दुरुस्तीला नव्हे, 'त्येच्यासारखं' लावून घ्यायला. आमच्या दुकानात नवीन धंदा सुरू झाला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जुनंच ठेवू. ज्यांनी जुन्यावर काम केलंय त्यांना माहीत आहे, त्यात जागा कमी, जोर कमी, म्हणून आपण एकेक ठिपका विचारून ठेवला. बुचडीचा कान नाही हे दाखवायला दोन ठिपके काढायचे की एक, यावर तू आणि मी अबोला धरला होता. नव्यात जागा इतकी की विचारायचं काही उरत नाही. माणूस मग तयार मेंढरं आणतो. स्पर्धा जिंकशील तू, ऑफिसातल्या कोणाला घेऊन जिंकशीलही. पण तो खेळ आपला नसेल, आणि मला त्याचं वाईट वाटेल, हे स्पष्ट लिहितो.

पाठीला जप. उलटा बसू नकोस. मोठ्यांना नमस्कार आणि तुझ्या मीटिंगला आशीर्वाद.

तुझा,
गोरक्ष

ता. क. पत्र टपालात टाकायचं राहिलं, म्हणून थोडं आणखी. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त जुना पीएसपी बंद पडला आहे. पत्राच्या पहिल्या ओळीच्याही आधी पडला होता. बॅटरीचं पोट फुगलं, मागचं झाकण उडालं, मी रबर लावला, मग थेट वायरवर चालवला, मग तसाही चालेना. हे सगळं पत्र मी त्याला टेबलावर समोर ठेवून लिहिलं. तेव्हा येताना तुझा व्हिटा घेऊन ये. हो, नव्यावर करू. पडदा मोठा आहे आणि आईचा मोतीबिंदू पिकत चाललाय, तिला बांडी आणि बुचडी हल्ली वेगळ्या दिसत नव्हत्या; ती मला सांगत नव्हती, अंदाजानं बटण दाबत होती. आकडा मात्र काढ, पाठीवरची कुत्री काढ, चाल धीमी कर आणि तोंडं आपण दोघं बसून काढू. एका बाकावर मावत नसलो तरी चालेल. फोनवर तोंडं काढता येत नाहीत, म्हणून ये.

ता. क. दुसरा. आणखी एक राहिलं. गावातले गेणभाऊ तीन दिवसांपूर्वी मेंढरं घेऊन कोकणात उतरायला निघाले. एका कोकराला त्याची आई जवळ घेईना, ते घाट उतरणार नाही म्हणून आमच्या आईकडं ठेवून गेले. तेव्हापासून ती दुकानात फिरकलेली नाही. नवं काय आणि जुनं काय, तिनं विचारलंसुद्धा नाही; अंगणात बसून त्याला बाटलीनं शेळीचं दूध पाजते. म्हणजे तू घाई करून येण्याचं कारण आता उरलं नाही, हे प्रामाणिकपणे कळवतो. पण तिनं त्याचं नाव नाथा ठेवलंय. दिवसातून धा वेळा 'नाथा, ये रं, ये' अशी हाक ऐकू येते, आणि दर वेळी मी हातातलं काम टाकून शटरखालून रस्त्याकडं बघतो.