तुझे एकसारखे डबे

आई,

मुंग्यांची पावडर कोणी स्टीलच्या डब्यात ठेवते काय गं? तेही बेसनाच्या शेजारी, बेसनाच्याच मापाच्या डब्यात? पुडा सादळतो म्हणून तू ठेवलीस, आणि तू गेल्यावर इतकी वर्षं बाबा तुझीच रीत चालवत राहिले. डोळे होते तोवर निभलं. आता त्यांना उजेड-अंधार कळतो, समोर कोणी उभं आहे एवढं कळतं, बाकी सगळं धुकं. घुग्घुसची कोळशाची धूळ तर तुला माहीत आहे, दोन दिवसांत मांडणी काळी होते. कामाच्या बाईने डबे धुतले, पुसले आणि हाताला आले तसे परत लावले. बाबांनी अंदाजाने एक डबा काढला आणि पिठल्यासाठी पावडर कालवली. वास आला म्हणून वाचले. दादाने पुण्याहून फोनवर सांगूनच टाकलं की दिवाळी झाली की मी गाडी घेऊन येतो आणि बाबांना नेतो, आता चर्चा नको. फोन ठेवून बाबा एवढंच म्हणाले, "मी नाई जात. माह्यं घर इथी हाय." आणि दोघांनी मिळून ते लचांड माझ्या गळ्यात घातलं, कारण मी ऊर्जानगरच्या वीज प्लांटवर मीटर आणि तारांत काम करते, म्हणजे मला सगळंच येतं.

म्हणून मी टॅग वाचणारं मॉड्यूल मागवलं. आमच्या गेटवर कार्ड दाखवलं की 'पी' वाजतं, तोच प्रकार. तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, बोटाएवढी हिरवी पट्टी आणि शर्टाच्या बटणासारखे गोल टॅग. प्रत्येक टॅगला स्वतःचा नंबर. टॅग वेटोळ्याजवळ आणला की नंबर कळतो, आणि त्या नंबरासाठी मी माझ्या आवाजात भरून ठेवलेलं नाव स्पीकरवर ऐकू येतं. मीठ. तिखट. साखर. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पहिल्या रविवारी ते मुकंच बसलं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा कळलं, डेटाची तार मी भलत्याच टोकाला दिली होती. मग मोबाइलच्या चार्जरवर लावलं तर टॅग अगदी टेकवावा तेव्हा वाचायचं, कारण स्वस्त चार्जरची खरखर त्या वेटोळ्यात शिरते. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर शोधून जोडला तेव्हा कुठे चार बोटांवरून वाचू लागलं. मी खूश. डब्यांना टॅग चिकटवले आणि एक डबा बोलेल तर शपथ. स्टील! धातूला चिकटला की हा टॅग गारद होतो, हे मी दुसऱ्याला शिकवते. पण ते तुझे डबे होते गं, ते धातूचे आहेत हे डोक्यात आलंच नाही.

प्लास्टिकच्या बरण्या आणते म्हटलं, तर बाबांनी तोंड फिरवलं. तुझेच डबे पाहिजेत. काय ते डबे! चंद्रपूरच्या बाजारात दुकानदाराला तू किती पिडलंस ते मला आठवतं. एकाच मापाचे हवेत, ओळीने लागले पाहिजेत. वर पैसे देऊन प्रत्येक डब्यावर नाव कोरून घेतलंस, तेही बाबांचं. आत काय आहे ते एकावरही नाही. मी सातवीत असताना शहाणपणा करून सगळ्यांना कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तू डबे भिजत घातलेस, राखेने घासलेस, आणि मग म्हणालीस, "हे घर हाय, किराना दुकान नाई." तुला दिसत होतं, तुझं चालून गेलं. निस्तरायला आम्ही आहोतच.

टॅग आणि स्टील यांच्या मध्ये जाडसर काही घातलं की वाचतो. पुठ्ठा घातला, तो ओल्या हातांनी भिजून लगदा झाला. थर्माकोल चुरला. मी वैतागून पुटपुटले की स्लीपरच्या तळासारखं रबर पाहिजे. बाबा उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले आणि तुझी निळ्या पट्ट्यांची जोडी घेऊन आले. ती अजून दाराशीच असते, आई. दारात बाईची चप्पल दिसली की चोर येत नाही, असं ते सगळ्यांना सांगतात आणि आम्हीही माना डोलावतो. मी म्हटलं, "बाबा, अन्नाच्या डब्याले चप्पल? आईनं घर डोक्यावर घेतलं असतं."

"बोलू दे ना मंग," ते म्हणाले. "बोलाले तरी ती येईन."

मला त्यांचा राग आला, तुझा आला, त्या मॉड्यूलचाही आला. चपला साबणाने घासल्या, कात्रीने गोल तुकडे कापले आणि टॅगांखाली लावले. झाकणांवर नाही, डब्यांच्या पोटाला, कारण तुझी झाकणंही कुठल्याही डब्याला बसतात. पावडर मात्र बाथरूममध्ये प्लास्टिकच्या बाटलीत गेली. त्यात तुझं काही ऐकणार नाही.

दादा आला. बाबांनी एकट्याने चहा मांडला. त्यांनी डबा वेटोळ्याजवळ नेला, स्पीकरमधून मी 'मीठ' म्हणाले. त्यांनी तो मुकाट्याने ठेवून दुसरा घेतला. 'साखर'. "एवढी खेकसते काऊन ही?" त्यांनी दादाला विचारलं. दादाने दोन कप चहा प्यायला आणि दुसऱ्या दिवशी गाडी रिकामीच घेऊन गेला.

एक सांगायचं राहिलं. बाबांना वाटतं दोन्ही चपला कामी आल्या. खरं म्हणजे सगळे डबे एकीतच झाले. डावी मी पर्समध्ये घालून ऊर्जानगरला आणली. माझ्या क्वार्टरच्या दारात ठेवली आहे. कोणी विचारलं, तर मीही चोरांचंच सांगते.