तुला सांगितलं तो रविवार

आये,

तू गेलीस त्या वयाला मी केव्हाच मागे टाकलंय. तुझे केस शेवटपर्यंत काळे होते, माझे पांढरे होऊनही आता जुने झालेत. पालघरला लेकीच्या घरी असते. काल भाजी निवडताना नातीनं विचारलं, "आजी, तुझ्या आईला काय झालं होतं गं?" मी म्हटलं, आजारी होती. "कसला आजार?" मनाचा, हा शब्द ओठांवर आला आणि तिथंच राहिला. आपल्या मुरबे गावात तेव्हा हा शब्दच नव्हता. माणसाच्या अंगात यायचं, नाहीतर त्याला बाहेरचं लागायचं, नाहीतर ते येडं व्हायचं. तुला गावानं हे तिन्ही म्हणून पाहिलं. नात उठून गेली आणि मी मेथीची पानं हातात धरून कितीतरी वेळ तुझ्याशीच बोलत बसले. तेच आज लिहितेय.

माझा धाकटा भाऊ झाला आणि तू बोलायची कमी झालीस. बाळाला पाजायचीस, पण त्याच्याकडे बघायची नाहीस. मग तुझी झोप उडाली. एका सकाळी मी उठते तर तू थंड चुलीसमोर केस मोकळे सोडून बसलेली. बाबा नुकतेच बोटीवरून आलेले, अंगाला खारं पाणी वाळलेलं, पोटात भूक. तू म्हणालीस, "आज चूल पेटवायची नाय. देवीनं सांगितलंय." बाबा हसले. त्यांना वाटलं थट्टा करतेस. तू हसली नाहीस. त्या दिवशी काकीनं आम्हाला जेवायला घातलं आणि तिच्याच तोंडून गावात पसरलं, की आमच्या धाकट्या जावेच्या अंगात गावदेवी येते.

मग बाया यायला लागल्या. खण, नारळ, तांदूळ घेऊन ओटी भरायच्या, तुझ्या पायाशी बसायच्या, कुणाचा नवरा पितो ते सांगायच्या, कुणाला मूल होत नाही ते विचारायच्या. तू भराभर बोलायचीस, इतकं की मला अर्धं कळायचं नाही. मी तुझ्याशेजारी बसायची. मध्येच तू माझ्या डोक्यावर हात ठेवायचीस आणि त्या बाया माझ्याकडेही अदबीनं बघायच्या. खरं सांगते आये, ते दिवस मला आवडले होते. तू रात्रंदिवस जळत होतीस आणि मला वाटायचं, उजेड पडलाय.

समोरच्या घरातली बाई एकदा विचारायला आली, माझा मुलगा बोटीवर गेलाय, कधी येईल? तू म्हणालीस, "तो येनार नाय." ती तिथंच कोसळली. दोन-तीन दिवसांत तिचा मुलगा हसत खेळत परत आला, बोट भरून पापलेटं घेऊन. खरं तर सगळ्यांनी आनंद करायचा. पण गाव चिडलं. तुझ्या पायाशी बसणाऱ्या त्याच बाया आपली पोरं आमच्या दारातून ओढून न्यायला लागल्या. ही देवी नाय, दुसरंच काहीतरी हाय, असं ठरलं. काकांनी डोंगराकडच्या एका भगताला आणलं. त्यानं मिरच्यांची धुरी केली, तुला केसांना धरून प्रश्न विचारले, तू कोण, कुठून आलीस. तू खोकत खोकत स्वतःचंच नाव सांगत होतीस. त्यानं वेताची काठी उचलली तेव्हा आजवर मोठ्या भावासमोर मान वर न केलेले बाबा मध्ये उभे राहिले.

"माझ्या बायकोला हात लावायचा नाय."

"अरे, ती तुझी बायको नाय आता," काका म्हणाले.

"तीच हाय. तिला माझ्यापेक्षा कोन वळखतो?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी तुला होडीत बसवून खाडीपलीकडे सातपाटीला नेलं आणि तिथून पालघरला डॉक्टरकडे. डॉक्टरनं ठाण्याच्या इस्पितळाचं नाव सांगितलं. काका ओट्यावर उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलले, की बायको येड्यांच्या इस्पितळात टाकलीस तर या पोरीशी लगीन कोन करील? बाबा म्हणाले, "ती बरी होऊ दे, मग लगनाचं बघू." आणि जाताना देवळाच्या पायरीवर डोकं टेकून गेले. त्यांचा देवीवर राग नव्हता. ते मला म्हणाले, "देवी आजार देत नाय गं. आजारात मानसाला तीच आठवते, एवढंच." बाबा शाळेत फारसे गेले नव्हते. हे त्यांना कुणी सांगितलं असेल, की तुझ्याकडे बघून त्यांचं त्यांनाच कळलं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते तुला पूर्ण ठाऊक होतं का, मला माहीत नाही. त्यांनी बोट सोडली. बोटीवर गेलं की परत कधी येणं होईल याचा नेम नाही, आणि इस्पितळात भेटायला रविवारी सोडायचे. तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, मजूर लागत होते. ज्यानं जन्मभर समुद्र पाहिला तो माणूस तिथं सिमेंटच्या गोण्या उचलायला लागला. हाताची कातडी सोलून निघायची. मला म्हणायचे, "समुद्राचं मीठ बरं होतं, हे सिमेंट फार खातं." परप्रांतातल्या मजुरांकडून थोडी हिंदी शिकून आले होते, धाकट्याला मांडीवर घेऊन "क्या रे, कैसा है" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. शनिवारी घरी यायचे, रविवारी बोईसरहून गाडी धरून तुझ्याकडे. इस्पितळात तुझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या, कुणी स्वतःला इजा करून घेऊ नये म्हणून. तुला ते फार लागलं होतं. मग बाबा दर रविवारी कागदाच्या पुडीत कुंकू न्यायचे आणि तिथल्या आवारात बाकावर बसून तुझ्या कपाळाला लावायचे. सगळ्यांसमोर. आपल्या गावात कुणा पुरुषानं असं केलं असतं तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती.

तू सुधारत होतीस. बाबा येऊन सांगायचे, आज धाकट्याचं विचारलंन. आज जेवली. आज मला म्हणाली, तुमी वाळलात.

दिवाळीच्या आधी त्यांना ताप भरला. विषमज्वर. आधी कामावरच अंगावर काढला, मग घरी आणलं तोवर अंगात काही उरलं नव्हतं. शुद्धीवर असायचे तेव्हा एकच बोलायचे, "रविवारी तिच्याकडे कोन जाईल?" काका म्हणाले, मी जाईन. मग बाबा गेले.

प्रेत उचलायच्या आधीच काकांनी सगळ्यांना बजावलं, तिला कळवायचं नाय. ऐकलं तर तिचं डोकं पुन्हा जाईल, मग कधीच परत येनार नाय. काका वाईट नव्हते, आये. बाबांच्या उशाशी तेच बसले होते, तेच सगळ्यात जास्त रडले होते. पण तू सहन करू शकशील असं त्यांना वाटलं नाही, आणि आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. तुझ्या नवऱ्याचं तेरावं तुझ्याशिवाय झालं. पहिल्या रविवारी काका तुला भेटून आले, सांगितलं, तो बोटीवर गेलाय, लांब. दुसऱ्या रविवारी मला बरोबर घेतलं. निघताना काकीनं माझ्या हातात कुंकवाची पुडी दिली. म्हणाली, "तिला लाव. नायतर तिला संशय येईल."

काका कचेरीत चौकशीला गेले आणि मी आवारात तुझ्याजवळ एकटी. तू किती नीट होतीस! केस विंचरलेले, लुगडं चापूनचोपून नेसलेलं. तू मला जवळ ओढून माझी वेणी हुंगलीस. म्हणालीस, "तेल लावतेस ना? काकी बघते ना?" मग विचारलंस, "ते बोटीवर कशाला गेले? त्यांनी तर बोट सोडली." मी मूठ आवळली. तुझं लक्ष माझ्या मुठीकडे गेलं. "कुंकू दिलंय वाटतं त्यांनी," म्हणालीस, आणि डोळे मिटून कपाळ पुढं केलंस.

ते कपाळ मला आताही दिसतं. मी बोट पुडीत घालते, वर आणते, आणि माझा हात पुढे जात नाही.

"आये, बाबा गेले."

तू डोळे उघडले नाहीस. मग विचारलंस, "कशानं?" मी सांगितलं. "त्रास झाला?" मी सांगितलं. "माझं काय म्हणाले?" तेही सांगितलं. मग तू दोन्ही मनगटं समोर धरून बघायला लागलीस. फोडायला त्यावर काहीच नव्हतं. आणि तेव्हा तुझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून आवारातल्या बाया धावत आल्या. कुणाची बोली घाटावरची, कुणाची गुजराती, एक तर कधीच काही न बोलणारी. त्यांनी तुझ्याभोवती गोल केला. एकीनं तुझं डोकं छातीशी धरलं, दुसरी तुझी पाठ चोळत तिच्या भाषेत विलाप करायला लागली, जणू तिच्याच घरचं कुणी गेलंय. नर्स पळत आली, माझ्याकडून तिनं काय झालं ते ऐकलं आणि मागून आलेल्या इस्पितळाच्या माणसांना हातानंच थांबवलं. "रडू द्या," म्हणाली, "ज्याच्यासाठी रडायचं त्याच्यासाठीच रडतेय ती." बाबांच्या मागे तू असा शोक केलास, त्या बायांमध्ये. आमच्या घरात तो तसा झाला नव्हता. आम्ही सगळे हळू आवाजात रडलो होतो, बातमी ठाण्यापर्यंत पोचेल की काय अशा भीतीनं.

काकांना कचेरीतून बाहेर येताच सगळं कळलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "पोरी, तू आयेला मारलंस."

तू मेली नाहीस. दोन-चार महिन्यांत डॉक्टरांनी तुला घरी सोडलं. काका न्यायला आले होते, तुझं गाठोडं त्यांनीच उचललं होतं. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी तू त्यांना विचारलंस, "दादा, तेरावं माझ्याशिवाय कसं केलंत?" ते म्हणाले, तुझ्या भल्यासाठी. तू आवाज चढवला नाहीस. "येडी मी होते. तुमाला काय झालं होतं?" काका गाठोडं खाली ठेवून बाहेर गेले, आणि त्या संध्याकाळपासून ते असेपर्यंत रोज दारात येऊन तुला विचारून जायचे, काही हवं का. तू रोज नाही म्हणायचीस. तरी ते यायचे.

पण त्यानंतर तू देवळात गेली नाहीस. सणासुदीला मी नैवेद्य घेऊन निघायची, तू पायरीपर्यंत सोबत यायचीस आणि बाहेर थांबायचीस. बायांना वाटायचं, विधवा म्हणून. एकदा बोंबील वाळत घालता घालता तू आपणहून म्हणालीस, "माझ्या अंगात देवी आली नव्हती गं. पण मी खोटं नव्हते बोलले. मला ऐकू यायचं." आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मी म्हटलं, "जाऊ दे आये, झालं ते झालं." तुला वाटलं असेल, पोरगी विचारील, काय ऐकू यायचं, कुणाचा आवाज होता, भीती वाटायची का. मी टोपली उचलून बोंबील टांगायच्या पुढच्या वलांडीकडे गेले. मला तुझ्या बरं असण्याला धक्का लावायचा नव्हता. म्हणजे काकांनी जे केलं तेच मी केलं, फक्त प्रेमळ शब्दांत. पुढे कफानं तुझी छाती भरली आणि तू गेलीस, ते सगळं बरोबर घेऊन.

त्या रविवारी मी सांगितलं म्हणून तू सावरलीस, असं लोक नंतर म्हणायला लागले. काकीसुद्धा म्हणायची, पोर धीराची. मी कधी नाही म्हटलं नाही. हे पत्र घडी घालून ठेवीन, कुठं पाठवायचं ते ठाऊक नाही, आणि नातीला एवढ्यात दाखवायचं नाही. पण तुझ्यापुरतं सांगते. तुला कळायला हवं, तुझा हक्क आहे, असलं काही माझ्या मनात नव्हतं. बाबा गेल्यापासून मला कुणी जवळ घेतलं नव्हतं. मला तुझ्या कुशीत रडायचं होतं, आणि कारण सांगितल्याशिवाय रडता येत नव्हतं.