कालव्यापलीकडचा परगणा

रुईच्या आईस,

मी इथे नानजिंगला खुशाल आहे. तू शिवलेला कापसाचा अंगरखा थंडीला पुरतो. आईचा खोकला कमी झाला का?

इथे कचेरीत मला आपल्याच शहराच्या इतिहासातलं हद्दींचं प्रकरण नकलायला दिलंय. थांग राजांच्या काळी हद्द उत्तरेच्या बुरुजाशी होती, सोंग राजांनी ती बाजारापर्यंत आणली, मिंगांच्या काळी कालव्याचे दोन्ही काठ एकाच परगण्यात होते. आता आपल्या दरबाराने परगण्याचे दोन तुकडे केले, तेही नेमके कालव्यावरून! म्हणून समोरच्या काठावरचा शेन वनपू नव्या परगण्यातून परीक्षेला बसला. जागा दोन्हीकडे सारख्याच, पण तिकडे उमेदवार मोजके, पठ्ठ्या पास झाला. आपल्या काठावर ही गर्दी, मी तिसऱ्यांदा नापास. मधे वीस हात पाणी. शाळेत तो माझं बघून लिहायचा.

पदवीची टोपी घालून तो आपल्याकडे येऊन गेला म्हणे. चहा दिलास? चांगल्या पेल्यात? सहज विचारतो.

काल मुख्य कारकून म्हणाले, "लू, नव्या परगण्याच्या उत्तीर्णांची यादी तूच लिही. तुझ्यासारखं अक्षर इथे कुणाचं नाही." पहिलंच नाव शेनचं. मुद्दाम गिचमिड करायचं ठरवून कुंचला उचलला, पण हात ऐकेना. वर्षभरात इतकं देखणं मी काहीच लिहिलं नव्हतं.

रुईला जप. तो चांगला पेला मी येईपर्यंत कपाटातच ठेव.

अलीकडच्या काठाचा,
लू चंगान