जास्तीच्या विरजणाची धिरडी

प्रिय सई,

आज सकाळी आपल्या फ्रीजचं दार लागेना. खांद्याने रेटलं तरी लागेना. त्यातून पुढे जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? म्हणून लिहायला बसलोय.

तुझ्या पावाच्या स्टार्टरने, त्या आंबवलेल्या पिठाने, फ्रीज भरलाय. तुझी आई त्याला विरजणच म्हणते. तुझी एकच बरणी होती ना? आता लोणच्याच्या बरण्या, स्टीलचे डबे, माझा ओझरच्या नोकरीतला जेवणाचा डबासुद्धा त्यानेच भरलाय. भाजी ठेवायला जागा नाही.

दिवाळीनंतर तू गेलीस आणि आईने त्याचा ताबा घेतला. रोज सकाळी पीठ-पाणी घालते. थंडीत लवकर फुगत नाही म्हणून बरणी तुझ्या शालीत गुंडाळून ठेवते. भरून आलं की दुसऱ्या भांड्यात काढते, मग त्यालाही पीठ. तुझ्या हातचं म्हणून थेंब टाकत नाही. स्वतः मात्र अर्धी पोळी चिवडत बसते. सगळे ब्लाउज सैल झालेत तिला.

एक विचारू? पीठ घालण्याआधी त्यातलं अर्धं काढायचं असतं, हे तू तिला का नाही सांगितलंस? अन्न टाकलेलं तिला खपत नाही म्हणून दर रविवारी तू जास्तीच्या स्टार्टरची धिरडी घालायचीस, आणि तिला वाटायचं, ते वेगळं पीठ आहे. मला सगळं माहीत होतं. मी आपला गुपचूप खायचो. लबाड होतो आपण दोघं.

मध्यंतरी मी तिला म्हणून पाहिलं, "अगं, थोडं काढून टाकायचं असतं." तिने अशी नजर टाकली की मी पुन्हा विषय काढला नाही.

पण आज मी सगळ्यात मोठा डबा उचलला. त्यात थोडं बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर घातली आणि बिडाचा तवा तापवला. पहिलं धिरडं चिकटलं, दुसरं फाटलं. अर्धा कांदा तेलात बुडवून तू तव्यावर फिरवायचीस, ते मला उशिरा आठवलं. वासाने आई देवपूजा सोडून आत आली.

"हे कशाचं?"

मी सांगितलं.

"तिचं आहे ते. तुम्ही तव्यावर घातलंत?"

तुला अग्नी दिला त्या दिवशीसुद्धा ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. खरं सांगतो, मी घाबरलो. गॅस बंद केला.

मग म्हणालो, "अगं, दह्याचं काय करतेस तू? चमचाभर विरजणाला ठेवतेस, बाकीचं आपण खातो. तसंच आहे हे. सईची रविवारची धिरडी याचीच असायची. तूही खाल्लीस की इतकी वर्षं."

तिने डब्यात वाकून पाहिलं.

"मला नाही सांगितलं तिने," एवढंच म्हणाली आणि ओट्याला टेकून रडायला लागली. इतक्या महिन्यांत ती अशी मोकळी रडली नव्हती गं. मलाही आवरेना. तुझी फार आठवण येते, बाळा.

मग तिने पदराने डोळे पुसले, माझ्या हातातलं उलथनं घेतलं आणि गॅस लावला. पुढची धिरडी तिनेच घातली. पहिलं मला दिलं. दुसरं मोडून उभ्या उभ्याच स्वतःच्या तोंडात टाकलं. तिसरंही तिनेच खाल्लं.

"मीठ कमी पडलंय," म्हणाली.

सई, कितीतरी दिवसांनी तिला कशाची तरी चव कळली होती.

आता एकच बरणी राहील, आणि ती मी मरू देणार नाही. बाकीचं आम्ही दोघं खाऊन संपवू. तू आईची काळजी करू नकोस. रोज तिच्यासमोर बसून तिला पोटभर जेवायला लावीन, हा तुला माझा शब्द.

तुझाच,
बाबा