जन्मदीन

बुधवार, ताडकळस

आज फ्लेक्सच्या दुकानात केरबाचं काम आलं. याच केरबाने गेल्या महिन्यात आमच्या घरी प्रार्थना चालू असताना दारात धिंगाणा घातला, बाबांची ढोलकी नालीत फेकली. आता त्याला लेकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स हवा होता. मजकूर मोबाईलवर त्यानेच पाठवलेला: ‘जन्मदीनाच्या हार्दिक शुभेच्छा’. दुसरी वेलांटी! म्हणजे जन्मापासूनच दीन, लाचार. तसंच छापलं असतं तर सगळा बाजार हसला असता. मी पहिली वेलांटी केली.

न्यायला आला तो खेकसतच. “ए बाटग्या, मी दुसरी वेलांटी दिलती. तू कामून बदललीस?”

मी अर्थ सांगितला. त्याने वाकून फ्लेक्सवरचं अक्षर बघितलं. मग म्हणाला, “लय शहाणा हायस,” आणि फ्लेक्स घेऊन गेला.

वैऱ्यावर प्रीती करा, असं चर्चमध्ये पाळकसाहेब सांगतात. मी केली का? की मला चुकीची वेलांटी बघवत नाही, एवढंच? वेलांटी कुणाचीही असती तरी सुधारलीच असती. आणि मग आभाराची वाट का बघत होतो?

आत्ता त्याच्यासाठी प्रार्थनेला बसलो, तर त्याचं नाव तोंडातून निघेना. म्हटलं, निदान लेकरासाठी करू. फ्लेक्सवर होतं तसं पूर्ण नाव घ्यायला गेलो आणि अडकलो. आरुष केरबा... मध्ये बापाचं नाव येतंच की.

घेतलं. पण तेवढं एक नाव हळू घेतलं. प्रभूला ऐकू गेलं असेल ना?