चौसष्ट किलोंचा ड्रायव्हर

१ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. दुसरं कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहिणार.

गाडीचा नियम ठरला: ज्याची गरज नाही ते गाडीत नको. गाडी दोन सीटची, फायबरच्या अंगाची, मुळातच हलकी. ती आणखी हलकी करून ट्रॅकवर न्यायची. वजन हा एकच शत्रू. नियम खडूनं गॅरेजच्या भिंतीवर लिहिला, चांगला ठळक.

हिनं वाचला. ही म्हणजे आमची बायको. हा नियम ड्रायव्हरलाही लागू आहे का, असं तिनं विचारलं. अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

१ फेब्रुवारी, जेवणानंतर
करार झाला. ही जनावरांची डॉक्टर. वर्षानुवर्षं व्हॅन घेऊन गोठ्यागोठ्यांतून फिरते, आता कंटाळली आहे. घरीच दवाखाना काढायचा म्हणते. जागा कुठली? तर माझं गॅरेज. म्हणजे गाडी विकायची. मी ठणकावून सांगितलं, जमणार नाही. पुष्कळ वादानंतर असं ठरलं: १२ एप्रिलच्या ट्रॅक-डेला, म्हणजे हौशी लोकांना रेसचा ट्रॅक खुला असतो त्या दिवशी, गाडीनं दोन मिनिटांच्या आत एक फेरी मारली तर गाडी राहणार आणि दवाखान्यानं दुसरी जागा शोधायची. नाही मारली तर गाडी विकून गॅरेजची किल्ली मी स्वतः हिच्या हातात देणार. साक्षीला मेव्हणा. तो आपल्या बहिणीच्या बाजूचा आहे हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

गेल्या वर्षीची माझी वेळ दोन मिनिटं नऊ सेकंद. पण तेव्हा टायर थंड होते, ऊन डोळ्यांवर येत होतं आणि पुढे एक म्हातारा रेंगाळत होता. ते वजा केलं की उरतं किती?

८ फेब्रुवारी
सर्जन आला. आमच्या मेकॅनिकला सगळे सर्जन म्हणतात, कारण त्याला गाडीत काही बसवण्यापेक्षा गाडीतून काढायला जास्त आवडतं. कार्पेट, हीटर, दारांची आतली अस्तरं, मागचा स्पीकर काढला. शेवटी बाजूची सीट. ती निघताना हिनं विचारलं, मग मी कुठे बसायचं. मी म्हटलं, तुला व्हॅन आहे ना.

सीट गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवली. सर्जन म्हणाला, आता गाडीतलं सगळ्यात जड सामान म्हणजे तुम्हीच. मी हसलो, पण तो चेष्टेनं बोलला नव्हता, काळजीनं बोलला होता.

९ फेब्रुवारी
संकल्प. हिशेब खात्यात वीस वर्षं काढली, मला बेरीज कळते. गाडी अधिक ड्रायव्हर, हीच खरी बेरीज. सध्या मी पंच्याऐंशी किलो आहे. बुटांसकट, जेवण झाल्यावर धरलं तर किंचित जास्त. ट्रॅक-डेपर्यंत चौसष्ट. कॉलेजात मी चौसष्टच होतो. नवीन काही करायचं नाही, फक्त परत जायचं आहे.

१३ फेब्रुवारी
ऑफिसात एकाचा निरोपसमारंभ. केक. नाही म्हणणं माणुसकीला धरून नव्हतं. तीन तुकडे. घरी येऊन गाडीतला रेडिओ काढून टाकला. बेरीज जागेवर.

१९ फेब्रुवारी
पळायला गेलो. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. तिथे दम लागला. दम गेल्याशिवाय निघू नये असं डॉक्टर लोक सांगतात, म्हणून बसलो. बसल्यावर काहीतरी मागवावं लागतं. रात्री ग्लव्ह बॉक्सचं झाकण काढलं.

२२ फेब्रुवारी
महत्त्वाचा दिवस.

सर्जननं चार वजनकाटे आणले, एकेका चाकाखाली एकेक. ड्रायव्हर आत बसलेला असताना चारी चाकांवर वजन नीट वाटलं गेलं पाहिजे, म्हणजे गाडी डावीकडे-उजवीकडे सारखीच वळते आणि ब्रेक दाबल्यावर सरळ थांबते. ते साधायला चारी स्प्रिंगांच्या कड्या फिरवून वरखाली करायच्या. सर्जन म्हणाला, बसा.

मी बसलो नाही. मेव्हणा काट्यांपाशी उभा होता म्हणून नव्हे. मी विचार केला, आज गाडी आजच्या माझ्यासाठी लावली तर एप्रिलमधल्या माझं काय? तो चौसष्ट किलोचा असणार. त्याच्यावर अन्याय. तेव्हा गाडी चौसष्टलाच लावायची. वाळूची पोती नव्हती. योगायोगानं हिचं वजन बरोबर चौसष्ट निघालं. गमबूट काढून ही आत बसली आणि तासभर बसून राहिली. उंचीनं आम्ही सारखेच आहोत. ही थोडी उंच आहे असं लोक म्हणतात, पण ते केसांमुळे.

नवी बकेट सीटही आली, रेसच्या गाडीतली, अंगाला दोन्हीकडून धरून ठेवणारी. एप्रिलच्या मापाची. हिच्याच मापानं सीटचे बोल्ट कसले, पट्टे लावले, आरसे जमवले. नक्की ना, असं सर्जननं फिरूनफिरून विचारलं. मी म्हटलं, घर बांधताना माणूस उद्याचा विचार करतो. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, अंगाला यावेत म्हणून लोक कपडे मोठे घेतात, लहान घेणारे तुम्ही पहिलेच. गाढवाला गुळाची चव काय.

उतरताना ही म्हणाली, बरं वाटतं आत. मी म्हटलं, वाटणारच, सेटिंग माझं आहे.

८ मार्च
ब्रेकचे पॅड बदलले, ब्रेक ऑइल बदललं. मी खाली, ही पेडलवर. ही म्हणाली, पेडल मऊ लागतंय, मागच्या डाव्या चाकाच्या नळीत हवा राहिली असेल. पाहिलं तर होती. मी सांगणारच होतो.

हिला गाडी बरी चालवता येते हे मान्य करायला हवं. चिखल, खडी, मधेच आडवी येणारी गाय, सगळ्यातून व्हॅन काढते. पण ती वाहतूक झाली. मी करतो ते ड्रायव्हिंग.

१५ मार्च
गाडीतल्या ज्या लोखंडी पट्ट्यांवर फार जोर पडत नाही त्यांना ड्रिलनं भोकं पाडली. दिवसभर उभं राहून काम. ओंजळभर कीस निघाला. तो हिच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजला. काटा हलला. हिनं तो काटा नंतर तीनदा धुतला. कष्टानं भूक लागते, बटाट्याचे काप तळून घेतले. ते मोजले नाहीत.

२४ मार्च
बाथरूमचा काटा बिघडला आहे. कितीही सरकवला तरी जास्तच दाखवतो. वर स्नायू चरबीपेक्षा जड असतात, हे कोणी लक्षात घेत नाही. काटा माळ्यावर टाकला.

एकूण स्थिती: गाडी अडतीस किलोंनी खाली. ड्रायव्हर किंचित वर. नफा भरभक्कम आहे.

५ एप्रिल
गाडी रस्त्यावर काढली. आत शिरायला स्टिअरिंग काढावं लागतं, ते ठीक, रेसच्या गाड्यांत तसंच असतं. बकेट सीट अंगाशी घट्ट बसते. घट्टच बसली पाहिजे. पट्टे लागेनात, लांब करायचे तर सगळं सेटिंग मोडेल, म्हणून श्वास रोखून लावले. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. सर्जन म्हणाला, तुमच्या बाजूला वजन जास्त पडतंय, आठवडा हातात आहे, तुम्हाला बसवून परत जमवू. मी म्हटलं, रस्ता तिरका आहे. सर्जन म्हणाला, रस्ता सपाट आहे. मी म्हटलं, मी सात दिवसांत चौसष्टवर येतो.

घरी आल्यावर बाहेर निघेना. हिनं एका हाताला धरलं, मेव्हण्यानं दुसऱ्या. अडलेलं वासरू सोडवायची हिला सवय आहे, हे हिनं सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

११ एप्रिल
उद्या. भीती अजिबात नाही. गॅरेजमध्ये जाऊन उगाच बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो. ही गाडी गेली तर मी काय, नुसता हिशेब खात्यातला माणूस. ही दारात आली होती, बघून परत गेली. उद्या गाडी जाऊ देणार नाही.

१२ एप्रिल, ट्रॅकवर, सकाळी
एका गाडीला तीन खेपा, एका खेपेत काही फेऱ्या. पहिली खेप. दोन अकरा. गेल्या वर्षीपेक्षा दोन सेकंद जास्त. ब्रेक मारला की पुढचं एक चाक जाम होऊन धूर. डावी वळणं ठीक, उजव्या वळणावर गाडी ऐकतच नाही. ट्रॅक तिरका आहे.

दुसरी खेप. दोन दहा. मधे एकदा गवतात जाऊन उलट्या तोंडानं उभा राहिलो. प्रेक्षकांना आवडलं.

मेव्हण्यानं आपली घरची गाडी ट्रॅकवर घातली, मागे मुलाची सीट, डिकीत छत्र्या. दोन सात. त्याचं इंजिन मोठं आहे. मी त्याचं अभिनंदन केलं नाही.

१२ एप्रिल, दुपारी
आता फक्त एक खेप उरली. आणि मी बकेटमध्ये अडकलो. चौघांनी ओढून काढलं, तेव्हा कंबर धरली. आता उभाही राहू शकत नाही, बसूही शकत नाही. मेव्हणा गॅरेजच्या किल्लीबद्दल बोलू लागला. मी म्हटलं, अजून एक खेप आहे. तो म्हणाला, आणि चालवणार कोण?

हिनं हेल्मेट घेतलं.

मी खुर्चीच्या पाठीला धरून सूचना दिल्या: कुठे ब्रेक, कुठे गिअर. ही आत बसली. आरसा हलवला नाही, पट्टा ओढला नाही, सीट मागेपुढे केली नाही. म्हणाली, सगळं जिथल्या तिथे आहे.

पहिली फेरी एक अठ्ठावन्न. दुसरी एक पंचावन्न. ब्रेक मारला की गाडी सरळ थांबत होती. दोन्हीकडे सारखी वळत होती. माझी गाडी इतकी सुंदर धावताना मी कधी पाहिलीच नव्हती. बाहेरून बघायची वेळच आली नव्हती.

मला फार आनंद झाला. मग फार राग आला. ही उतरली ती हसत हसत, मोकळी, लग्नाच्या आधी हसायची तशी. म्हणाली, हरायला म्हणूनच बसले होते रे, पण ती चालतेच इतकी छान.

१३ एप्रिल
मी जिंकलो. करार स्पष्ट आहे: गाडीनं दोन मिनिटांच्या आत फेरी मारायची. मारली. कोणी चालवली, हा प्रश्न गौण. गाडी कोणी लावली? मी. चौसष्टला लावा असं कोण म्हणत होतं? मी. मेव्हण्यालाही कबूल करावं लागलं. पडलो तरी नाक वर, असं तो पुटपुटला. गाडी राहिली, आणि नाकही वरच आहे.

झोपून लिहितो आहे. कंबर.

१९ एप्रिल
हिनं टेप घेऊन माझी अभ्यासिका मोजली. करारात दवाखान्यानं दुसरी जागा शोधावी असं होतं, शोधली. माझी आरामखुर्ची, कार-मासिकांची कपाटं, ट्रॉफीसाठी लावलेली फळी, सगळं बाहेर. मी विरोध केला. हिनं शांतपणे विचारलं, भिंतीवर काय लिहिलं आहेस? मी म्हटलं, तो नियम गाडीचा आहे. मग मीच फळी धरली, हिनं स्क्रू काढले.

ही रोजनिशी आता जेवणाच्या टेबलावर लिहितो.

२६ एप्रिल
पुढचा ट्रॅक-डे तीन मेला. दोन नावं नोंदवायची म्हणून मी फोन केला. हिनं आधीच एक नोंदवलं होतं, स्वतःचं.

संध्याकाळी सर्जनचा फोन. साहेबांना बसवून काटे परत लावायचे का, वजन परत जमवायचं का? मी होच म्हणणार होतो. हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि सांगितलं, कशाला? गाडी बरोबर आहे.

३ मे, सकाळी
ट्रॅकवर निघालो. ही गाडीत. गाडीत दुसरी सीट नाही, ती मीच काढली होती. मी व्हॅनमध्ये. पुढे मेव्हणा चालवतो आहे, त्याच्या शेजारी हिच्या औषधांची पेटी, ती मागे ठेवली तर बाटल्या फुटतात. म्हणून मी मागे, दोर आणि बादल्यांच्या मध्ये, जॅक आणि टायरचा पंप सांभाळत. बसायला काही नव्हतं, तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यातली ती सीट आणून ठेवली. चांगली सीट आहे. काढायला नको होती.

हा माघार घेण्याचा प्रकार नाही. मी टीमचा प्रमुख आहे. टायरमधली हवा माझ्या हातात आहे. आणि पुढच्या वर्षी चौसष्ट.

निघण्याआधी माळ्यावरून काटा काढला. चौऱ्याण्णव. मेव्हण्याला सांगितलं, म्हटलं, एवढं वजन मागे बसलं तर चालेल ना. तो म्हणाला, बसा बिनधास्त, व्हॅनला काही फरक पडत नाही.