उस्तादांचा उजवा कान

५ मेहर, शनिवार. सकाळी आठ.
डोळ्यांच्या डॉक्टरनं वही ठेवायला सांगितली आहे. स्क्रीनसमोर किती तास बसलो, किती वेळा उठलो, ते रोज लिहायचं आणि महिन्यानं त्याला दाखवायचं. दाखवणार नाही. पण वही चांगली मिळाली, वाया कशाला घालवा.

खरी बातमी वेगळीच आहे. काल तूबा खानमच्या, म्हणजे आमच्या उस्तादांच्या बायकोच्या, घरी आम्हा सगळ्या जुन्या शागिर्दांना चहा होता. उस्ताद मीर जलील जाऊन बहमनच्या अठराला, म्हणजे साडेचार महिन्यांनी, वर्ष होईल. त्या दिवशी नक्षावाल्यांच्या सभागृहात त्यांचा चेहरा रेशमात विणून लावायचा असं ठरलं. नक्षा, म्हणजे विणणारीसमोर धरायचा चौकड्यांचा आराखडा, मी काढायचा. दुसऱ्या कुणाचं नाव निघालं नाही. निघालं होतं. दाराशी दोघं कुजबुजत होते की कुदरतच्या डोळ्यांचं काही खरं नाही. डोळ्यांचं राहू दे, कान शाबूत आहेत माझे.

मग तूबा खानमनं उस्तादांची अक्रोडाची पट्टी बाहेर काढली. याच पट्टीनं ते रेघा मारायचे आणि याच पट्टीनं आमच्या पाठी सरळ करायचे. आधी पाठ, मग रेघ, असं म्हणायचे. खानम म्हणाली, चित्र लागलं की ही पट्टी ज्याची त्याला देईन. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सात वर्षांचा होतो तेव्हा मागावर बसलो, चाळिशीत एकट्यानं कम्प्युटर शिकलो, तबरीझभर मला उस्ता, म्हणजे कारागीर, म्हणतात. उस्ताद अजून कुणी म्हटलेलं नाही. पट्टी हातात आली की म्हणतील.

९ मेहर, बुधवार.
डॉक्टरचे नियम एकदाचे लिहून टाकतो. दर वीस मिनिटांनी नजर उचलून लांब बघायचं. पापण्या मिटायच्या (विसरतो म्हणे मी). स्क्रीन हातभर लांब, तिची वरची कड डोळ्यांसमोर. पाय जमिनीला टेकलेले. शेवटी म्हणाला, तुमची मान उजवीकडे कलते. जुन्या चष्म्याची एक काच कमजोर झाली आहे, म्हणून तुम्ही चांगला डोळा पुढे काढता. नवा चष्मा घ्या.
चष्म्याचं दुकान त्याच्याच मेव्हण्याचं, त्याच जिन्याखाली. घेतला. भांडण नको.

निश्चय. १) दर वीस मिनिटांनी खिडकीतून ऐनालीचा डोंगर. २) स्क्रीन वर. साखरेच्या खड्यांचा मऊ पुठ्ठ्याचा खोका रिकामा न करता तिच्याखाली सरकवला, उंची नेमकी जमली. ३) मोबाइलवर गजर.

१४ मेहर, सोमवार. दुपार.
नवा चष्मा सदोष आहे. घातला की सगळं उजवीकडे पडल्यासारखं दिसतं. खणात टाकला. जुनाच बरा.

२६ मेहर, शनिवार.
उस्तादांचा फोटो स्क्रीनवर घेतला. घरात तेवढा एकच चांगला आहे. पण फोटोवाला आंधळा असावा, उस्ताद चक्क डावीकडे झुकलेले. जन्मभर ताठ बसलेला माणूस, आणि फोटोत असा? फिरवून सरळ केला. थोडाच, पण डोळा लागतो त्याला.

मलीहे चहा घेऊन आली, दाराशीच थबकली आणि म्हणाली, कुदरत, तू स्क्रीनकडे बघतोयस की तिचं काही चोरून ऐकतोयस? बायकोला कामाचं काय कळणार. चहाबरोबर खोक्यातले दोन खडे घेतले.

माझे चेहरे बोलतात, हे गिऱ्हाइकं आपणहून सांगतात. इस्फहानच्या एका डॉक्टरीणबाईंनी कळवलं होतं, तुम्ही केलेले माझे वडील भिंतीवरून मला काहीतरी विचारतात असं वाटतं. ही कला शिकवून येत नाही.

१० आबान, शनिवार.
नक्षा तयार. आडव्या साडेतीनशे चौकड्या, उभ्या पाचशे, एका चौकडीची एक गाठ. छापला, पट्ट्या कापल्या, सोलमाज खानमला दिल्या. सोलमाज भिंतीपलीकडच्या खोलीत माझ्यासाठी विणते. बोटं सोन्याची, जीभ कात्रीची. आज तिनं पहिल्या ओळी घातल्या. खालून सुरुवात: आधी कोट, मग खांदे, दाढी, चेहरा शेवटी. एकेक पट्टी लावून विणायची, म्हणजे अख्खे उस्ताद तिला शेवटीच दिसणार. दिवसाला सातेक ओळी धरल्या तर बहमनच्या पहिल्या आठवड्यात संपेल. वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही.

२० आबान, मंगळवार.
गजर बंद केला. दर वीस मिनिटांनी तो वाजतो आणि सोलमाजच्या गाठी मोजायच्या चुकतात. भिंतीपलीकडून ओरडली, उस्ता, तो कोंबडा कापा नाहीतर मी माहेरी जाते. तिला माहेर नाही, पण मुद्दा बरोबर होता.
डोंगर बघायचं चालू आहे. म्हणजे आज धुरात तो दिसलाच नाही. यात माझा काय दोष.
डोळे चुरचुरतात. पापण्या मिटायला सुरुवात केली. तासाभरात बारा वेळा. तेराव्यांदा झोप लागली.

२९ आबान, गुरुवार. संध्याकाळी पाच.
मागाच्या फणीचा ठोका मला भिंतीतून कळतो. ठोका कसा पडतो त्यावरून बाई खुश आहे की कावलेली, तेही कळतं. आज तीन वाजता ठोका थांबला. तिथंच कळलं, काहीतरी आहे.

सोलमाज दारात येऊन उभी राहिली. उस्ता, डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. म्हटलं, उस्ताद जन्मभर त्या खांद्यावर कागदाच्या गुंडाळ्या वाहायचे, उतरणारच. ती म्हणाली, मी त्यांच्या दारात वीस वर्षं लोकर रंगवली, खांदे बघितलेत मी त्यांचे. आत्ता उसवून नव्यानं घातलं तर कसंबसं अठरा बहमनला पोचू. आणखी आठवडा गेला तर नाही पोचणार. नक्षा एकदा बघा.
बघितला. स्क्रीनवर अगदी सरळ आहे. तिला बोलावून दाखवला. ती स्क्रीनकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, तुम्ही जरा उठून त्या दारातून बघा ना.
सांगितलं तिला, नक्षा नक्षावाला बघतो, गाठ विणणारी बघते. बोललो ते बरोबरच होतं. आवाज थोडा चढला, एवढंच.

१ आजर, शनिवार.
ठोका चालू. पण कोरडा. बोलत नाही ती. मीही नाही.
खोका दबलाय, स्क्रीन पुन्हा खाली आली आहे. खोक्यातले खडे मलीहेनं पाहुण्यांना काढले असणार.

११ आजर, मंगळवार.
खडे मीच खातो, असं मलीहे म्हणाली. मोजले. खोका अर्ध्याहून कमी. आता स्क्रीनमध्ये बघायला वाकावं लागतं. खोका भरायचा निश्चय. सध्या वाकून बघतो. मानेच्या मागे खिळा ठोकल्यासारखं दुखतं. थंडीमुळे.

२५ आजर, मंगळवार. दुपारी दोन.
ठोका थांबला.
वाट बघितली, सुरू होईना. स्वतः गेलो. सोलमाज मागासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. उस्तादांचा डावा कान सुरू झाला, म्हणाली. म्हटलं, छान. ती म्हणाली, उजव्याचा पत्ता नाही. पुढच्या पट्ट्या लावून मोजलं मी, सोळा ओळी वर आहे. दोन दिवस तुमचे उस्ताद एका कानाचे राहणार.
मी म्हटलं, माणसाचे दोन्ही कान कधीच एका उंचीवर नसतात. ती म्हणाली, सोळा ओळी, उस्ता? तुमचा एक कान बाजारात आणि एक घरी आहे का?
उसवायला आता वेळ उरलेला नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. विणत राहा म्हटलं. ती म्हणाली, विणते. पण कोपऱ्यात माझं नाव घालणार होते, ते आता घालत नाही.

२७ आजर, गुरुवार.
आज उजवा कान आला. दोन्ही कान मिळून चांगले दिसतात. जवळून.
लवाशच्या पातळ रोटीत गुंडाळलेला बटाटा आणि अंडं आणवलं, अर्धं सोलमाजला पाठवलं. तिनं परत पाठवलं.

१ दय, सोमवार.
काल यल्दा, वर्षातली सगळ्यात लांब रात्र. मेहुण्यानं कलिंगडाभोवती सगळ्यांचा फोटो काढला. फोटोत सगळे सरळ, मी एकटाच उजवीकडे कललेला, जणू मलीहेच्या खांद्यावर झोपतोय. सगळे हसले. मेहुण्याला सांगितलं, तुझा हात हलला. तो म्हणाला, माझा हात हलला तर कलिंगडही हलायला हवं होतं.
वकील आहे, काहीही सिद्ध करतो.

१७ दय, बुधवार.
रात्री झोप नीट नाही. डोळे मिटले की दोन कान दिसतात. सकाळी खणातला नवा चष्मा काढून घातला आणि नक्षा बघितला. उस्ताद उजवीकडे झुकलेले. चष्मा काढला. सरळ. पुन्हा घातला. झुकलेले. चष्मा सदोष आहे हे मी चौदा मेहरलाच लिहून ठेवलं होतं.
तरी आणखी दोनदा घालून बघितला. चहा घेतला. खोका संपला. स्क्रीन टेबलावर.

५ बहमन, रविवार. दुपार.
चित्र मागावरून उतरलं. कातरणी झाली. सोलमाजनं ते माझ्या टेबलावर उलटं ठेवलं आणि शाल गुंडाळून घरी गेली. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.
सुलटं केलं. रंग म्हणाल तर दृष्ट लागावी. दाढीतला एकेक केस रुप्याचा. नजर जिवंत.
मी बघताना मलीहे माझ्या मागे उभी होती. तिच्या मानेचं हाड कट्‌कन वाजलेलं मी ऐकलं. वळून बघितलं नाही.

१७ बहमन, शुक्रवार.
उद्या. चौकट बसली, वर कापड घातलं. तूबा खानमचा निरोप आला, पट्टीला तेल लावून ठेवली आहे.
भाषण पाठ केलं. पट्टी दोन्ही हातांनी घ्यायची, डोळ्यांना लावायची.

१९ बहमन, रविवार.
काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सभागृहात चाळीसेक माणसं. समोर तूबा खानम, मांडीवर पट्टी. मी कापड ओढलं. मग आवाज आला. बारीक, एकामागून एक. कट्. कट्. चाळीस माना उजवीकडे कलत होत्या. हलवा वाटणारा माणूसही थाळी तिरकी धरून उभा. सरळ उभा असा मी एकटाच, आणि नेमका मीच सरळ नाही, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

तूबा खानम उठली, जवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, हा काय विचारतोय? चाळीस वर्षं संसार केला, या माणसानं मला एकदाही काही विचारलं नाही. नुसतं सांगितलं.
कुणीतरी हसलं. ती हसली नाही. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, चेहरा त्याचाच आहे, कुदरत, पण हा कुणी दुसराच बसलाय.


मग ती माझ्या मागे आली आणि पट्टी माझ्या पाठीवर उभी धरली. कमरेला लागली. खांद्यापाशी मध्ये मूठभर फट. मानेला लागेचना, मान पट्टी सोडून पलीकडे गेलेली. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. बावन्नाव्या वर्षी.
तिनं विचारलं, विणलं कुणी? सोलमाज शेवटच्या रांगेत होती. तुला दिसलं नाही का गं? सोलमाज म्हणाली, खांद्यालाच दिसलं होतं, खानम. बोलले होते.
खानमनं पट्टी तिच्या हातात दिली.

२३ बहमन, गुरुवार.
चित्र भिंतीवर आहे. सभागृहवाल्यांनी चौकटच तिरकी टांगली, म्हणजे उस्ताद सरळ दिसतात. पण येणारा प्रत्येक जण भलेपणानं चौकट सरळ करतो. तेव्हा रोज सकाळी जाऊन ती पुन्हा तिरकी करायचं काम माझ्याकडे आहे. चालणं होतं, हात वर जातात, लांबचं बघणं होतं. डॉक्टरला हेच हवं होतं. म्हणजे माझा नियम चालू आहे म्हणायला हरकत नाही.
आज तिरकी करून मागे सरलो. सोलमाज सभागृहाच्या दारातून म्हणाली, उस्ता, तुम्ही सरळच करून ठेवलीत.

२५ बहमन, शनिवार. सकाळी नऊ.
खोका नवा आणला. त्यात साखर नाही, विटा आहेत. नवा चष्मा घातला. सोलमाज पट्टी घेऊन खुर्चीमागे उभी राहिली, म्हणाली, आधी पाठ. पट्टी पाठीला टेकवली, डोक्यामागे टेकवली, आणि दोन बोटांनी माझी मान उचलून सरळ केली. दुखलं. बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा पाय जमिनीला टेकले.

ती म्हणाली, आता जुने नक्षे उघडा. उघडले. इस्फहानच्या डॉक्टरीणबाईंचे वडील. माराघेचे हाजी. दोन नवरानवरी. एक शाळामास्तर. एकूण अकरा माणसं.
सगळी उजवीकडे मान कलवून माझ्याकडे बघतायत, काहीतरी विचारत असल्यासारखी.